नेगेव्हच्या डबक्यातला जिवाणू

नमस्कार, श्रोतेहो. पिंपात, कूलरमध्ये वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या तुमच्या ओळखीच्याच आहेत. आज त्यांच्या वैऱ्याची गोष्ट.

साल १९७६. इस्रायलमधलं नेगेव्हचं वाळवंट. योएल मार्गालिट नावाचे कीटकशास्त्रज्ञ डासांना मारणारे रोगजंतू शोधत रानोमाळ डबकी धुंडाळत होते. एका कोरड्या नदीपात्रात थोडं पाणी साचलेलं दिसलं. जवळ जाऊन बघतात, तर पाण्यावर पांढरट दाट साय धरलेली! साय कसली, मेलेल्या आणि मरू घातलेल्या अळ्यांचा तो थर होता. औषध फवारलेलं नाही, काही नाही, आणि अळ्यांचा असा खच पडलेला. त्यांनी अळ्यांसकट तिथला चिखल उचलला. लेनर्ड गोल्डबर्ग यांनी प्रयोगशाळेत त्यातून एक जिवाणू वेगळा काढला. तोच हा बीटीआय, म्हणजे ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस’! गोव्यात पणजीला मलेरियाच्या डासांवर याच्या चाचण्या झाल्या आहेत. बीटी कपाशीतलं विष ज्या जिवाणूचं, त्याच जातीतला हा.

हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. स्फटिक अळीच्या पोटात गेला पाहिजे, हे लक्षात ठेवा, पोटात! तिथल्या अल्कधर्मी रसात तो विरघळतो, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. धुराची गाडी येऊन गेली की आपल्याला बरं वाटतं, पण पिंपातल्या अळीला त्या धुराने काही होत नाही. माझं स्पष्ट मत आहे, तो पैसा अळ्या शोधणाऱ्या माणसांच्या पगारावर घालावा.

बीटीआयची अडचण अशी, की स्फटिक तळाशी बसतात आणि उन्हाने निकामी होतात. म्हणून नेगेव्हमधल्याच बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची विष बनवणारी जनुकं पाण्यात वाढणाऱ्या ॲनाबिना या नीलहरित जिवाणूत घातली. अळ्या असे जिवाणू खातातच, आणि पेशीच्या आत विषाला ऊनही कमी लागतं.

असं जनुक घालणं नवं नाही. अमेरिकेतल्या मायकोजेन कंपनीने पिकांवरच्या अळ्यांसाठी बीटीचं जनुक दुसऱ्या जिवाणूत घातलं, पण तो जिवाणू मारून मगच विकला. १९९१ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ॲनाबिना मात्र जिवंतच हवा, म्हणजे तो वाढणार, पसरणार. म्हणून त्याची चाचणी आधी बंदिस्त टाक्यांत व्हावी आणि पिण्याच्या पाण्यापासून तो लांबच ठेवावा, असं मला वाटतं. पण चाचणी व्हावी, जरूर व्हावी. नमस्कार.