विचारू नका, मागू द्या

(दृश्य: विशेष शाळेतला वर्ग. टेबलावर कुरमुऱ्यांचा पारदर्शक डबा.)

झाकण मुद्दाम घट्ट लावलंय. कुरमुरे दिसतात, पण हाती येत नाहीत. समोर बाई बसल्यात, गप्प. ‘काय हवंय?’ असं त्या विचारत नाहीत. मुलाच्या पाठीमागे मावशी, त्याही गप्प. मुलाचा हात डब्याकडे गेला, की त्या तो अलगद चित्रकार्डाकडे वळवतात आणि कार्ड बाईंच्या हातात द्यायला लावतात. त्याच क्षणी बाई म्हणतात, "कुरमुरे!" आणि देतात.

न बोलणाऱ्या मुलांना चित्रकार्ड देऊन मागायला शिकवणाऱ्या या पद्धतीचं नाव पेक्स. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ साली सुरू केली. टप्पे एकूण सहा. पहिल्या टप्प्यात प्रश्न विचारायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. नाहीतर कोणी विचारेपर्यंत मूल नुसतं बसून राहतं. पुढे मावशींचा हात सुटतो, बाई लांब जाऊन बसतात, मूल कार्ड घेऊन त्यांना शोधत जातं. दोन चित्रांतून नेमकं निवडणं त्यानंतरचं.

(दृश्य: पाण्याच्या बाटल्यांची रांग.)

ही मुलगी बोलते. तहान लागली की म्हणते, "पाणी हवंय का?" पाणी मिळताना तिने हेच वाक्य ऐकलंय, म्हणून मागतानाही तेच. बाई हसत नाहीत, चूकही काढत नाहीत. बाटली पुढे करत तिच्याच वतीने म्हणतात, "मला पाणी हवंय."

पालकांची धास्ती ठरलेली: कार्डांची सवय लागली तर बोलणं खुंटेल. आजवरच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. कार्डांऐवजी टॅब चालतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की मराठीतही बोलतं.

मात्र वर्गावर्गांत खाऊची, खेळण्यांची कार्डं ढीगभर असतात आणि ‘नको’चं एकही नसतं. नकार देता आला नाही तर मूल हात चावतं, टेबल ढकलतं. मग आपण त्याला हट्टी ठरवतो.

(दृश्य: कोड्याचे ठोकळे. मुलगा ‘नको’चं लाल कार्ड पुढे करतो.)

बाई ठोकळे लगेच उचलतात. तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत, आणि आता दुसरं काहीतरी शोधणं बाईंना भाग आहे.