पाण्यातूनच येणारं खत

हे शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी. दिसायला निवळशंख, वास जवळपास नाहीच. पाटाने ते आता भातखाचरात जाईल. त्यात विरघळलेला नायट्रोजन मात्र डोळ्यांना दिसत नाही.

भाताची तहान मोठी. किलोभर साळीमागे शेताला सरासरी २,५०० लिटर पाणी लागतं. पाऊस लांबला तरी शहराचं सांडपाणी थांबत नाही, म्हणून त्याकडे नजर वळणं साहजिकच.

आता हिशेब मांडू. लिटरमागे १५ मिलिग्रॅम नायट्रोजन धरा. हंगामभरात हेक्टरला एक कोटी लिटर पाणी दिलं, तर १५० किलो नायट्रोजन शेतात उतरला. जवळपास सव्वातीनशे किलो युरियाइतका! काही झिरपतो, काही हवेत उडून जातो. तरीही वरून खताची नेहमीची मात्रा दिली, की पीक माजतं. उंच, हिरवंगार, पण काडी मऊ. मग करपा रोग येतो, वाऱ्याच्या झोताने पीक लोळतं, लोंब्यांत दाणे पोचट राहतात. जपानने १९७० मध्ये भाताच्या पाण्यासाठी नायट्रोजनची मर्यादा ठरवली, ती लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम. तेवढं शुद्ध पाणी प्रत्येक केंद्र देऊ शकत नाही. पण शेतकऱ्याच्या हातात बरंच आहे: युरिया त्या हिशेबाने कमी करायचा, फुटव्यांच्या काळात हे पाणी द्यायचं, पीक पोटरीत आलं, म्हणजे खोडात लोंबी भरू लागली, की साध्या पाण्यात मिसळून.

कारखान्यांचं पाणी मात्र या पाटात नकोच. जपानमधल्या जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम हे विषारी धातू पाण्यावाटे भातात उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. सरकारने १९६८ मध्ये ते मान्य केलं. खाचरात पाणी साचलेलं असेतो कॅडमियम मातीत जखडून राहतं, खाचर सुकलं की मोकळं होतं. आर्सेनिक या दुसऱ्या विषाचं नेमकं उलट. एकाला आवरायला जावं तर दुसरं सुटतं, तेव्हा दोन्ही शेताबाहेरच अडवायला हवीत.

राहिले जंतू आणि पोटातले जंत. भात शिजवून खातात, त्यामुळे खाणाऱ्याला धोका कमी. खरा धोका चिखलात उभं राहून, वाकून लावणी करणाऱ्या बाईला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे जंताचं फार तर एक अंडं. ही अंडी जड असतात. पाणी तळ्यांमध्ये आठ-दहा दिवस राहिलं की तळाशी बसतात. तेवढे दिवस पाणी तळ्यात निवळू द्यावं, आणि लावणीवाल्यांना बूट-हातमोजे द्यावेत, मजुरीतून पैसे न कापता.