दहा बाय बाराच्या खोलीतला सिंगल

(दृश्य: लालबागमधली चाळ. गॅलरीत वाळणारे कपडे. बंद दाराआडून एकाच लयीत ठोका ऐकू येतोय.)

पंखा बंद आहे. खिडकीवर गोधडी टांगलीय, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलाय. शेजारच्या कुकरची शेवटची शिट्टी होते, माइक सुरू होतो आणि हलगीवर पहिली काठी पडते.

इथे एक इलेक्ट्रॉनिक सिंगल, म्हणजे एकटंच प्रसिद्ध होणारं गाणं, तयार होतोय. मिनिटाला 125 ठोके, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर 480 मिलिसेकंद. बाकी सगळं लॅपटॉपमधून येणार आहे: किक (ढोलासारखा खालचा ठोका), बेस (खर्जातले सूर), सिंथ (यंत्राचे सूर). खरी, हाताने वाजवलेली एकच गोष्ट, ती हलगी. म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्यायचा.

या शहराला हे वेड नवं नाही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईतच रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: टीआर-808 तालाला, टीबी-303 बेसला आणि ज्युपिटर-8 सुरांना. त्यावर दहा राग वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या अॅसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचं साम्य ऐकून जगभरचे लोक थक्क झाले. कारण शिकागोतला तो आवाज तिच्यानंतर काही वर्षांनी आला होता. 303मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. रागातली मींड त्या यंत्रात शोधावी, हे सुचायला मुळात कानात राग असावा लागतो.

(दृश्य: हलगीचं कडं, त्यावर ताणलेलं चामडं, अगदी जवळून.)

"मामा, अजून एक टेक घेऊया?"

"थांब, उतरलीय ती. जरा तापवू दे."

पावसाळ्यात चामडं हवेतला ओलावा धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. शेकलं की ताण परत येतो, आणि त्याबरोबर तो टणत्कारही. पण दहा-पंधरा मिनिटांत हलगी पुन्हा उतरू लागते. पहिल्या टेकमधला ठोका आणि विसाव्या टेकमधला ठोका एकाच सुरात नसतात. ते एकमेकांना जोडले की कानाला लगेच खटकतं. म्हणून छोटे टेक घ्यायचे, दर दोन टेकनंतर हलगी तापवायची, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक सुटा ठोका वाजवून ठेवायचा. पुढे सूर जुळवताना तो एक ठोका तासभराचं काम वाचवतो.

हलगीचा ठोका फार टोकदार असतो. मीटरवर जेमतेम निम्मी पातळी दिसते आणि तोवर आवाज फाटलेला असतो. शून्य डेसिबलला आवाज फाटतो, म्हणून सर्वोच्च ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील, एवढाच गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, ठेवायचा. चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ही मोकळी जागा फुकट आहे, ती सोडायला घाबरायचं कारण नाही. पुढचा माइक वीतभर अंतरावर, थोडा तिरका. मागच्या बाजूला दुसरा माइक लावला तर त्याची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करायची: काठी पडते तेव्हा चामडं पुढच्या माइकपासून दूर जातं आणि मागच्याकडे येतं. हे विसरलं की दोन्ही माइक एकत्र केल्यावर हलगीचं पोटच नाहीसं होतं, उरतो फक्त कडकड आवाज. दोष मात्र बिचाऱ्या माइकला दिला जातो.

जुन्या वायरिंगची गुरगुरही इथेच पकडायची. आपली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग धड नसेल तर 50, 100, 150 हर्ट्झवर घरघर बसते. लॅपटॉप चार्जरवरून काढून एकदा ऐकायचं. घरघर थांबली तर वाट सापडली: सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणि बाहेरची घरघर कापणारी बॅलन्स्ड केबल. अर्थची पिन तोडून घरघर घालवणारेही आहेत. ते कधीही करू नये, जीवावर बेतू शकतं.

(दृश्य: पडद्यावर आवाजाच्या लाटा. उभ्या रेषांच्या किंचित मागेपुढे पडलेले ठोके.)

आता हलगी किकसोबत बसवायची. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की सगळे ठोके रेषेवर येतात, आणि त्याच क्षणी हलगी मरते. वादकाची दुसरी काठी रेषेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे पडत असते, तालाचा डोल तिथेच असतो. तेव्हा समेचे ठोके रेषेवर आणायचे, मधले निम्मेच ओढायचे आणि बारीक काडीच्या ठोक्यांना हात लावायचा नाही.

आणि आता खोली. मुंबईत घरी बसून संगीत करणाऱ्या प्रत्येकाला ही नडते. 10 फूट रुंदी म्हणजे साधारण 3.05 मीटर. दोन भिंतींत पहिली लाट अडकते ती 56 हर्ट्झच्या आसपास, आणि 12 फुटांच्या लांबीत 47च्या आसपास. किक नेमकी इथेच राहते. अशी लाट भिंतीपाशी फुगते आणि मधोमध जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही स्पीकर सारखे ऐकू यावेत म्हणून माणूस रुंदीच्या मध्यावर बसतो; तिथे 55 हर्ट्झची किक त्याला लुळी वाटते. तो ती चार-पाच डेसिबलने वाढवतो. क्लबच्या मोठ्या हॉलमध्ये हीच किक सगळं गाणं गिळून टाकते.

भिंतीवर अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवून हे सुटत नाही. तो फोम वरचा किणकिणाट शोषतो, 56 हर्ट्झची लाट सहा मीटरहून लांब असते. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल (दगडी लोकर) भरलं तर थोडा फरक पडतो. बसायची जागा 12 फुटांच्या मध्यावर नको, समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर घ्यावी. आणि खालच्या आवाजाचा शेवटचा निर्णय चांगल्या हेडफोनवर. जागा कमी असलेल्या शहरात हाच प्रामाणिक मार्ग आहे.

किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून किक पडली की बेसने क्षणभर खाली बसायचं. याला साइडचेन म्हणतात. बेस परत वर यायला दीड-दोनशे मिलिसेकंद पुरे. तो वेळ 480च्या जवळ गेला तर पुढची किक आधीच येते आणि बेस वर येतच नाही. मग बेस दुबळा आहे असं समजून त्यावर नवे थर चढवले जातात. साधारण 120 हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर सारखंच, ठेवायचं. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐकायचं. तिथे 55 हर्ट्झ वाजतच नाही, म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकीशी खरखर) देऊन वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, उभे करायचे. विरार फास्टमध्ये उभं राहून इअरफोनवर ऐकणाऱ्याला बेस कळतो तो या हार्मोनिक्समुळेच.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या हातात, मोह एकच असतो, जोरात वाजवायचा. स्पॉटिफाय गाणी उणे 14 लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक) पातळीला आणतं. उणे 7चा मास्टर दिला तर ते सात डेसिबलने खाली येतं. जोर जातो आणि चेपलेली हलगी तेवढी उरते. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवावा, मास्टर जोरकस असेल तर उणे 2च्या, नाहीतर फाइल लहान करताना टोकं फाटतात.

सिंगलच्या दोन आवृत्त्या निघतात. डीजेसाठीच्या आवृत्तीत सुरुवातीला 32 बार (एक बार म्हणजे चार ठोके) फक्त ताल असतो, म्हणजे 61 सेकंद. दोन गाणी जोडायला त्याला तेवढी जागा लागते. स्ट्रीमिंगसाठी मात्र हलगी आठव्या बारनंतर, पंधराव्या सेकंदाला आली पाहिजे. स्पॉटिफायवर ऐकणं मोजलं जातं ते 30 सेकंदांनंतर, आणि 16 बार 30.72 सेकंदांचे होतात. सोळा बार नुसती किक ऐकत थांबणारे थोडेच.

(दृश्य: टेबलावर एक कागद, दोन सह्या.)

रिलीजच्या आधी हा कागद हवाच. हलगीवादकाला मानधन किती, नाव कसं लिहायचं, पुढच्या उत्पन्नात वाटा किती. कॉपीराइट कायद्यात 2012च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी वादकाचा रॉयल्टीचा हक्क स्पष्टपणे लिहिलेला आहे. ओळखीतला माणूस म्हणून हे तोंडी ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलायचा असेल तर लक्षात ठेवायचं: पारंपरिक चाल मोकळी असू शकते, पण तिच्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो. तयार लूप, म्हणजे कुणालाही मिळणारा फिरत राहणारा तुकडा, वापरला असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे आवाज ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत, गाणं नोंदवू नये. तोच लूप शंभर जणांकडे असतो आणि दावे एकमेकांवर आदळतात.

गाणं स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणाऱ्या वितरकाकडे फाइल चार आठवडे आधी जाते: 24 बिटची वेव्ह फाइल आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचं मुखपृष्ठ, त्यावर कुठलाही पत्ता किंवा लिंक नको. दोन्ही आवृत्त्यांना वेगळे बारा अक्षरी आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे ओळख-क्रमांक, लागतात. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांना गाणं सुचवायचं ते किमान सात दिवस आधी, म्हणजे ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. दिवस शुक्रवारचा, 10 जुलै 2015पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारीच निघतात.

(दृश्य: रात्रीचे बारा. फोनच्या पडद्यावर मुखपृष्ठ उमटतं.)

सिंगल दिसू लागला की लिंक पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. तो आपल्याच प्रोफाइलवर आलाय ना. सारख्या नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर गाणं जाणं नेहमीचं आहे. आणि क्रेडिट्स. तिथे हलगीपुढे मामांचं नाव कागदावर आहे तसंच, आडनावासकट हवं. चुकलं असेल तर दुरुस्तीची विनंती त्याच रात्री जाते, सकाळची वाट न पाहता.