पोलिसांचं संग्रहालय : पैसा सरकारचाच हवा, पण कशासाठी?

(हिंगोली इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, पोलीस दलातले आजी-माजी कर्मचारी आणि हिंगोलीकर बंधू-भगिनींनो,

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावी शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. ती बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं. हातात लाठीपलीकडं काही नसलेला एक सहायक फौजदार गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवतो, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतो, आणि त्यामुळं सहकाऱ्यांना तो अतिरेकी जिवंत पकडता येतो. अशा माणसाचं स्मारक सरकारी तिजोरीतून व्हावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. मराठवाड्यातही पोलिसांचं संग्रहालय व्हावं, ते सरकारी पैशातूनच व्हावं, आणि तो पैसा इमारतीच्या आधी कागदांवर आणि माणसांवर खर्च व्हावा.

पहिला आक्षेप लगेच येतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांच्या भागात संग्रहालय कशाला? गंमत म्हणून नव्हे, पोलिसांच्या घरांतूनच हा प्रश्न मी ऐकला आहे. एका हवालदाराच्या पत्नीनं मला सरळ विचारलं, "मॅडम, आधी आमच्या क्वार्टरचं गळणं थांबेल का?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. क्वार्टरचा निधी वळवून कुणी संग्रहालय बांधणार असेल, तर त्याच्या विरोधात सगळ्यात आधी मी उभी राहीन. पण मी ज्या कामासाठी पैसा मागते आहे, ते काम चार-पाच माणसांच्या पगारात आणि कागद जपण्याच्या सामग्रीत सुरू होऊ शकतं. पोलीस वसाहतीच्या एका इमारतीच्या खर्चाशीसुद्धा त्याची बरोबरी होत नाही.

दुसरे म्हणतात, वर्गणी काढा, कंपन्यांकडून देणग्या घ्या, सरकारला कशाला त्रास? हा मार्ग अमेरिकेनं वापरून बघितला. वॉशिंग्टनमध्ये कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांचं स्मारक १९९१ मध्ये झालं. त्याच्या शेजारी संग्रहालय उभारायला तिथल्या संसदेनं २००० साली कायदा करून परवानगी दिली, सरकारी जागा दिली. पण उभारणीचा आणि देखभालीचा खर्च सरकार करणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं. मग देणग्या आल्या, कंपन्या आल्या, शेवटी कर्जरोखेही काढावे लागले. संग्रहालय उघडायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. तिकीट काढून येणारे लोक अंदाजाएवढे आले नाहीत आणि कर्जाची परतफेड अडली. तिकिटाच्या गल्ल्यावर शहिदांची आठवण टिकवायची वेळ कुठल्याच समाजावर येऊ नये. शिवाय देणगीदाराचं नाव दालनाला लागलं की त्या दालनात काय मांडायचं, यावरही त्याची नजर राहते. पोलीस सरकारच्या हुकमानं बंदोबस्ताला जातो. तिथं तो मेला, तर त्याची आठवण ठेवण्याचा खर्चही त्याच सरकारनं करायला हवा.

योगायोग असा की त्याच महिन्यात, २१ ऑक्टोबर २०१८ रोजी, दिल्लीत चाणक्यपुरीला आपलं राष्ट्रीय पोलीस स्मारक खुलं झालं. तो दिवस १९५९ सालच्या लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जचा. तिथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव दलाचे दहा जवान गेले. आपल्या जिल्ह्याच्या मैदानावर दर वर्षी याच दिवशी वर्षभरातल्या शहीद पोलिसांची नावं वाचली जातात, ती त्यामुळंच. दिल्लीच्या भिंतीवर त्या वेळी ३४ हजार ८४४ नावं कोरलेली होती. खाली संग्रहालय आहे. खर्च केंद्र सरकारचा. ते योग्यच झालं. पण त्या हजारो नावांत मराठवाड्याचे किती, कोणत्या गावचे, कोणत्या रात्री कोणत्या ठाण्यातून निघालेले, हे दिल्लीची भिंत सांगू शकत नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्यांत आपल्या हिंगोली आणि बीड जिल्ह्यांतली लेकरं होती. शेती पिकत नाही म्हणून भरतीला पळालेली ही पोरं. मैदानावर सोळाशे मीटरचा सराव करणारं पोरगं आजही पहाटे प्रत्येक तालुक्यात दिसतं. ते गडचिरोलीपर्यंत कसं पोचतं, हा मराठवाड्याचा इतिहास आहे आणि तो कुठंही मांडलेला नाही.

आता किल्लारीकडं येते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकांचा बंदोबस्त आटोपून पोलीस मध्यरात्रीनंतर परतले. अंगावरची वर्दी उतरते न उतरते तोच, पहाटे चारच्या आधी काही मिनिटं, जमीन हलली. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. त्या ढिगाऱ्यांवर सुरुवातीला जे हात पोचले, त्यांत गावकऱ्यांच्या बरोबरीनं पोलिसांचे होते. नंतर लष्कर आलं, राज्य राखीव दलाच्या तुकड्या आल्या. पावसात प्रेतं काढायची, ओळख पटवायची, पंचनामे लिहायचे, सामुदायिक दहनासाठी सरपण गोळा करायचं, आणि त्याच वेळी बघ्यांची गर्दी रस्त्यावरून हटवायची. माझे वडील राज्य राखीव दलात होते. त्यांनी घरी त्या दिवसांबद्दल जेमतेम चार वाक्यं सांगितली. पुढं कित्येक वर्षं ते ओल्या मातीचा वास आला की अंगणात जात नसत. त्यांच्या सेवापुस्तकात त्या बंदोबस्ताची नोंद असेल. त्या वासाची नाही. त्या मोहिमेवरचा पंचविशीतला जवान आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा त्या पलीकडं आहे, आणि तेव्हा चाळिशीत असलेले जमादार सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायला आपल्याकडं फार वर्षं उरलेली नाहीत.

संग्रहालय प्रामाणिक असायचं, तर त्याची सुरुवात निजामी अमदानीपासून करावी लागेल. ठाण्याच्या अमीनाचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणेदाराचा दरारा, उर्दूत लिहिलेले रोजनामे, रझाकारांच्या काळात गप्प राहिलेले किंवा त्यांना सामील झालेले शिपाई, आणि त्याच दलात आपलं काम सचोटीनं करणारे शिपाईही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या, 'पोलीस कारवाई' म्हटल्या गेलेल्या भारतीय लष्कराच्या मोहिमेनं आपण निजामाच्या राजवटीतून मुक्त झालो. त्याचा अभिमान आहेच. पण त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हिंसेची पाहणी करायला केंद्र सरकारनं पाठवलेली सुंदरलाल समिती आली होती, आणि तिनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घेतली होती. काही ठिकाणी गणवेशातली माणसंही लुटीत सामील होती, हेही तिनं नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आपल्या संग्रहालयात तो असला पाहिजे.

आणि कोठडी. परभणी जिल्ह्यातला तरुण अभियंता ख्वाजा युनूस २००३ साली मुंबई पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. तो पळून गेल्याचं आधी सांगण्यात आलं. पुढं सीआयडीच्या तपासात वेगळं निघालं. इथं बसलेल्या पोलीस बांधवांना हे ऐकायला जड जात असेल. पण विचार करा, ज्या घरातलं पोरगं कोठडीतून परत आलं नाही, त्या घरातल्या माणसाला या संग्रहालयात पाऊल ठेवावंसं वाटलं पाहिजे. तो आला आणि त्याला आपली हकीकत तिथं दिसली, तर शेजारच्या दालनातल्या शहीद जवानाच्या फोटोसमोर तो खऱ्या अर्थानं थांबेल. फक्त गौरवाची दालनं असलेल्या जागेवर त्याचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसावा अशी अपेक्षाही आपण करू नये.

म्हणूनच पैसा कसा येतो, याला महत्त्व आहे. आपल्याकडं शासन निर्णय निघतो, प्रशासकीय मान्यता मिळते, सार्वजनिक बांधकाम विभाग निविदा काढतो, इमारत होते, फीत कापली जाते. पदांचा आकृतिबंध, म्हणजे तिथं किती आणि कोणती माणसं नेमायची हे मात्र मंजूर होत नाही. ऐंशीच्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. त्यांतल्या कितीतरी स्मारकांची दारं पुढं बंद राहिली, कारण ती रोज उघडणाऱ्या माणसाचा पगार कुणाच्याच लेखाशीर्षात नव्हता. याच्या नेमकं उलट उदाहरणही आपल्याच मराठवाड्यात आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्याकाठी सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. तो संग्रह सरकारकडं गेला आणि त्यातून शासकीय संग्रहालय उभं राहिलं. आधी वस्तू, त्या ओळखणारी नजर, आणि मग इमारत. हाच क्रम पोलिसांच्या संग्रहालयाला हवा.

माझी मागणी अशी आहे. गृह विभागाच्या अर्थसंकल्पात यासाठी दर वर्षी येणारी आवर्ती तरतूद असावी. एक अभिलेखपाल, मोडी आणि उर्दू शिकस्ता (भरभर लिहिण्याची जोडलिपी) वाचू शकणारी दोन माणसं, आणि मुलाखती घेणारा एक चमू एवढ्यानं सुरुवात करता येईल. जागेसाठी जुनी, वापरात नसलेली एखादी चौकी पुरे. काय मांडायचं आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या मंडळात पोलीस अधिकारी असावेत, पण त्यांचं बहुमत नसावं. शहिदांच्या कुटुंबातली माणसं, इतिहासाचे अभ्यासक, पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा प्रतिनिधी आणि एक निवृत्त न्यायाधीश त्यात हवेत. सरकारनं पैसा द्यावा आणि मजकुरावरचा हात काढून घ्यावा, हे लेखी ठरलं पाहिजे.

तोवर एक काम मात्र निधीशिवाय सुरू होऊ शकतं. ठाण्यांमधून मुदत संपलेले अभिलेख नष्ट करण्यासाठी याद्या निघतात. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे की अशी यादी निघाली की ती आधी महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावी. जुनी गाव भेटीची वही, १९९३ चा बंदोबस्ताचा तक्ता, निजामकाळातला एखादा रोजनामा त्यात सापडला, तर तो बाजूला काढता येईल. आणि किल्लारीच्या बंदोबस्तावर गेलेले जे कुणी इथं हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला राहत असतील, त्यांची नावं आज जाण्याआधी माझ्याकडं लिहून द्या. पुढच्या रविवारपासून माझे विद्यार्थी त्यांच्या घरी यायला तयार आहेत.