तिघांची एकच चूक

सकाळचे साडेसहा. रबाळे स्टेशनातून पहिल्या पाळीची माणसं एमआयडीसीकडे निघालीत. याच पट्ट्यातल्या एका कारखान्याची ही गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही, कामगाराचंही नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिघे जण वीस मिनिटं उशिरा मशीनवर परतले. तिघांना एकाच दिवशी शोकॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस आली. दोघांना समज देऊन सोडलं. तिसऱ्याला मात्र चार्जशीट, मग इन्क्वायरी, मग बडतर्फी. अकरा वर्षांत साधा मेमो नव्हता त्याला. हां, त्या महिन्यात तो युनियनच्या पावत्या फाडत होता.

कायद्यात याला अनुचित कामगार प्रथा म्हणतात. महाराष्ट्राचा हा कायदा 1971 चा, अंमल 1975 पासून. कामगारांच्या तोंडी एकच शब्द, ‘यूएलपी’, म्हणजे ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’. तक्रार दाखल करत नाहीत, ‘यूएलपी टाकतात’. चौथ्या अनुसूचीत मालकांसाठीची यादी आहे. पहिली नोंद सूडबुद्धीने नोकरीवरून काढण्याची. किरकोळ चुकीला, आधीच्या सेवेचं रेकॉर्ड न बघता, भलतीच मोठी शिक्षा देणं यातच येतं. ती तक्रार कामगार न्यायालयात. पाचवी नोंद एका गटाला झुकतं माप देण्याची, ती औद्योगिक न्यायालयात. तक्रार करायची मुदत 90 दिवस.

आता, सारखी वागणूक म्हणजे सरसकट एकच शिक्षा नव्हे. फायलीत चार जुने मेमो असलेल्याला जास्त शिक्षा झाली, तर न्यायालय सहसा हरकत घेत नाही. आणि ते रास्तच आहे. फरकाला कारण हवं, एवढंच.

आपल्या माणसाकडे कागद होते, पण स्वतःचेच. वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “त्या दोघांची समज दिल्याची पत्रं कुठे आहेत?”

ते दोघे अजून त्याच गेटातून आत जातात. एकाच्या डोक्यावर घराचा हप्ता, दुसऱ्याची मुलगी बारावीला. कंपनीकडून कागद मागवायला न्यायालयात अर्ज करता येतो, पण मग तारखांवर तारखा. तोवर घरात पगार नाही.

एका रात्री घणसोलीच्या टपरीवर त्यांच्यातला एक जण भेटायला आला. चहा अर्धा झाल्यावर त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

“झेरॉक्स काढ, ओरिजिनल आत्ताच परत दे. आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.”

नाव पत्राच्या पहिल्याच ओळीत होतं. ठळक टाईप केलेलं.