पदर खोचून टेनिस

श्रोतेहो, नमस्कार.

मंत्रालयात कधी कामासाठी खेटे घातले असतील, तर जनरल जगन्नाथ भोसले मार्गावरची एक पाटी तुमच्या नजरेखालून गेली असेल. प्रिन्सेस व्हिक्टोरिया मेरी जिमखाना. आपण सगळे पीव्हीएम म्हणतो. हा बायकांचा जिमखाना. नाव इंग्लंडच्या राणीचं, पण आज मी बोलणार आहे ते मुंबईच्या त्या बायकांबद्दल, ज्यांनी या शहरात टेनिस रुजवलं.

त्या वेळचं चित्र असं होतं. बॉम्बे जिमखाना १८७५चा, गोऱ्या साहेबांचा. आपल्या माणसाला आत प्रवेश नाही. मग मरीन लाइन्सला पारशी जिमखाना आला, इस्लाम जिमखाना आला, हिंदू जिमखाना आला. म्हणजे पुरुषांची धर्मवार का होईना, सोय झाली. बायकांनी कुठे खेळायचं? बंगल्याच्या आवारात, नाहीतर नवऱ्याच्या क्लबात, नवऱ्याच्या नावावर. म्हणून बायकांचा वेगळा क्लब ही चैन नव्हती, गरज होती. पुन्हा सांगते, चैन नव्हती, गरज होती. (हल्ली क्लब म्हटलं की आधी विचारतात, कँटीन कसं आहे. कोर्ट कसं आहे हे कुणी विचारत नाही. असो.)

पहिलं नाव घ्यायचं ते मेहरबाई टाटांचं. माहेरच्या भाभा, जन्म १८७९, सर दोराबजी टाटांच्या पत्नी. टेनिस खेळायच्या त्या साडी नेसून. पारशी साडी, पदर खांद्यावर पिन करून, हातात लाकडी रॅकेट. आणि नुसती हौस नव्हती, साठाहून अधिक बक्षिसं मिळवली बाईंनी. पण मेहरबाई म्हटलं की लोकांना आठवतो त्यांचा हिरा. २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा, १९२४मध्ये टाटा स्टील वाचवायला तारण ठेवलेला. हिऱ्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, रॅकेटची कुणाला ठाऊक नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिकडे येते. बाकीचं राहिलं तरी चालेल, ही राहायला नको.

पुण्यात १८९०मध्ये एक मुलगी जन्मली, क्षमा. वडील शंकर पांडुरंग पंडित. तुकोबांची गाथा १८६९मध्ये सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या मदतीनं छापली गेली, ती ज्यांच्या देखरेखीखाली, तेच हे पंडित. क्षमा लहान असतानाच ते गेले. पुढे तिचं लग्न मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झालं आणि तिच्या पंडिता क्षमाबाई राव झाल्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात काव्य लिहिलं, ‘सत्याग्रहगीता’, ते १९३२मध्ये पॅरिसला छापलं गेलं. आणि हीच बाई टेनिसही उत्तम खेळायची. संस्कृत शिकलेली बाई म्हणजे सोवळं नेसून कोपऱ्यात बसलेली, असं आपण उगीच धरून चालतो.

त्यांची मुलगी लीला. जन्म १९११. लीला राव, हे नाव लक्षात ठेवा, लीला राव. १९३१मध्ये ती अखिल भारतीय स्पर्धेत एकेरीची विजेती झाली आणि १९३४मध्ये विम्बल्डनला उतरली. तेव्हा विलायत म्हणजे आगबोटीचा प्रवास, दोन-अडीच आठवडे पाण्यावर. सराव कुठे करणार, डेकवर?

पहिल्या फेरीत समोर ग्लॅडिस साउथवेल. सामन्याचा स्कोअर असा, नीट ऐका: ४-६, १०-८, ६-२. चार-सहा, दहा-आठ, सहा-दोन. जाणकार माणूस पत्रिका वाचतो तसा मी जुना स्कोअर वाचते, आणि यात अख्खी गोष्ट आहे.

बायकांचा सामना तीन सेटचा, दोन घेईल ती जिंकली; आणि सहा गेम घेतले की सेट, पण दोन गेमची आघाडी हवी. पहिला सेट गेला. म्हणजे दुसरा गेला की सामना संपला. आता दुसरा सेट दहा-आठ. बरोबरी झाली की एकाच जादा गेममध्ये सेटचा निकाल लावायचा, तो टायब्रेक तेव्हा नव्हता, विम्बल्डनला तो १९७१मध्ये आला. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच. दहा-आठ झालं, याचा अर्थ त्याआधी पाच-पाच झालं होतं, सहा-सहा झालं होतं, सात-सात, आठ-आठ. चार वेळा बरोबरी. आणि या प्रत्येक बरोबरीला काय परिस्थिती होती? साउथवेलनं फक्त दोन गेम घ्यायचे, की लीलाबाईंनी बाडबिस्तरा आवरून परतीची बोट धरायची. चार वेळा ती दोन गेमवर उभी होती आणि चारही वेळा लीलाबाईंनी ते दोन गेम तिला एकामागोमाग घेऊ दिले नाहीत. आठ-आठवरून मात्र स्वतः दोन घेतले. दहा-आठ!

त्यानंतर तिसरा सेट सहा-दोन. मला विचाराल तर सामना तिथे संपलेलाच होता. अठरा गेमचा सेट हातचा गेल्यावर समोरचीला हुरूप कुठून येणार? (टायब्रेकमुळे वेळ वाचतो म्हणतात. वाचलेल्या वेळाचं काय करतात, मोबाइल बघतात.)

विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. पहिली. मुंबईची लीला राव, १९३४. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामोफनं तिला हरवलं, ते सांगून टाकते. आणि पुढची भारतीय स्त्री तिथे एकेरीत जिंकली ती कधी? २००५मध्ये, सानिया मिर्झा. एकाहत्तर वर्षांनी! सानियाचा जन्मही मुंबईचाच, पण हैदराबादकरांसमोर हे फार बोलू नये.

आपल्या धंद्यातली एक गोष्ट जाता जाता. विम्बल्डनचं रेडिओवरचं पहिलं समालोचन बीबीसीनं १९२७च्या उन्हाळ्यात केलं आणि मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं त्याच वर्षी २३ जुलैला. लीलाबाईंची ती दहा-आठ कुणी माइकवरून मराठीत सांगितली असती तर काय बहार आली असती!

अखिल भारतीय विजेतेपद लीलाबाईंनी सात वेळा मिळवलं, शेवटचं १९४३मध्ये. त्याच वर्षी आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी लग्न झालं. पुढे त्यांनी नृत्यशास्त्रावर पुस्तकं लिहिली. आईचं संस्कृत आणि आईचं टेनिस, दोन्ही लेकीनं उचललं.

आता तुमच्याकडे एक काम आहे. घरातल्या काचेच्या कपाटात आजीचा, पणजीचा एखादा चांदीचा कप असेल, काळा पडलेला. चिंच लावून घासा आणि खालचं कोरलेलं वाचा. पुष्कळदा तिथे ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव सापडेल. बाईचं स्वतःचं नाव काय होतं ते घरातल्या थोरांना आजच विचारून घ्या, आणि वर्ष, स्पर्धा, जोडीला कोण होतं, असं सगळं पोस्टकार्डावर लिहून आमच्या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. कप पाठवू नका. आलेली नावं मी पुढच्या भाषणात वाचून दाखवीन. नमस्कार.