डेट्रॉइट सिटी एफसी: कुणी उचलून नेऊ शकणार नाही असा क्लब

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतंच "डेट्रॉइटचा फुटबॉल" असं छापलंय, त्यामुळे बरेच जण लायन्सबद्दल, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमबद्दल ऐकायला बसलेत असं दिसतंय, पण मी बोलणार आहे पायाने खेळायच्या फुटबॉलबद्दल आणि आपल्या घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या एका क्लबबद्दल, ज्याचं नाव आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलंसुद्धा नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. डेट्रॉइट सिटी एफसी.

आधी थोडं मागे जाऊ. डेट्रॉइटमध्ये प्रोफेशनल सॉकर आधी नव्हतं असं नाही. १९७८ मध्ये डेट्रॉइट एक्सप्रेस नावाची टीम आली, पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये खेळायची, इंग्लंडचा ट्रेव्हर फ्रान्सिस तिच्याकडून खेळला, तोच जो १९७९ मध्ये इंग्लंडमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू झाला. एवढा मोठा माणूस इथे गोल मारून गेला, आणि तीन सीझन झाल्यावर मालकांनी टीम उचलली आणि वॉशिंग्टनला नेली. संपलं. १९९४ च्या वर्ल्ड कपच्या मॅचेस त्याच सिल्व्हरडोममध्ये झाल्या, छताखाली खरं गवत आणून अंथरलं होतं, पण ते पाहुणे आले आणि गेले, शहराच्या हातात काही राहिलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर आल्या की पेठा कशा पेटतात ते इथल्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथे टीम तालमीची आणि तालीम पेठेची, कुणी मालक एका सकाळी उठून टीम सोलापूरला नेईल ही कल्पनाच करवत नाही. त्यामुळे अमेरिकेत टीम म्हणजे फ्रँचायझी, फ्रँचायझी म्हणजे मालमत्ता आणि मालमत्ता ट्रकमध्ये घालून दुसऱ्या शहरात नेता येते, हे पचायला मला फार वेळ लागला. शिवाय इथे खालच्या लीगमधून जिंकत जिंकत वर जायची सोय नाही. वरच्या लीगमधली जागा विकत घ्यावी लागते. मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, ही इथली सगळ्यात वरची लीग. तिने २०१६ च्या शेवटी नव्या टीमसाठी फी ठरवली होती १५ कोटी डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर २०१० मध्ये शॉन मान नावाच्या माणसाने शहरातल्या वस्त्या-वस्त्यांची एक हौशी लीग सुरू केली. कॉर्कटाउनची टीम, मेक्सिकनटाउनची टीम, अशी. ऑफिस सुटल्यावर खेळायचं आणि नंतर वस्तीतल्याच बारमध्ये बसायचं, हेतू इतकाच की शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना ओळखावं. त्यातूनच पाच मित्रांनी २०१२ मध्ये क्लब काढला. पाचही जण नोकरी करणारे, कुणी अब्जाधीश नाही. लीग होती एनपीएसएल, म्हणजे चौथ्या पायरीवरची, बिनपगारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची पोरं खेळायला यायची. मैदान होतं कॅस टेक हायस्कूलचं. जर्सी गडद लाल, म्हणून क्लबचं लाडकं नाव "ल रूज", फ्रेंचमध्ये लाल, आणि छातीवरच्या बिल्ल्यात डाउनटाउनमधला तो हिरवा पुतळा, स्पिरिट ऑफ डेट्रॉइट.

२०१२ चं डेट्रॉइट आठवा जरा. नव्याने आलेल्यांना कल्पना नसेल, पण जुलै २०१३ मध्ये हे शहर दिवाळखोरीत गेलं, तोवर अमेरिकेतलं कुठलंच एवढं मोठं शहर गेलं नव्हतं, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि आपण सगळे ट्रॉय, नोवाय, कँटन अशा उपनगरांत राहून शहराकडे पाठ करून बसलो होतो. त्याच वेळी एका शाळेच्या मैदानावर चौथ्या दर्जाच्या मॅचला आधी शेकड्यांनी आणि मग हजारोंनी लोक यायला लागले. ढोल, धुराचे बाँब, नव्वद मिनिटं न थांबता गाणी. या पाठीराख्यांच्या गटाचं नाव नॉर्दर्न गार्ड. त्यांच्या गाण्यांत शिव्या भरपूर असतात हे आधीच सांगून ठेवतो, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी समोरच्या बाजूला बसावं. पण या लोकांनी क्लब वाढवला हे मान्य करायलाच पाहिजे, जाहिरातीला पैसे नसलेल्या टीमची तेच जाहिरात होते.

कॅस टेकची जागा पुरेना. आणि इथून मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग सुरू होतो.

हॅमट्रॅमिक. डेट्रॉइटच्या पोटात असलेलं दोन चौरस मैलांचं वेगळं शहर. पूर्वी पोलिश लोकांचं, डॉज मेन कारखान्यावर जगणारं, तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि त्या जागेवर पुढे जनरल मोटर्सचा प्लँट आला, आज आपल्यातले गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे ज्याला फॅक्टरी झिरो म्हणून ओळखतात तो. पोलिश लोक हळूहळू निघून गेले, बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं आली, कॉनंट रस्त्यावर आता बंगाली पाट्या दिसतात, मिठाया आणि मासे मिळतात. या शहरात शाळेच्या मालकीचं एक स्टेडियम होतं, कीवर्थ. महामंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने जी बांधकामं काढली त्यातलं एक. ऑक्टोबर १९३६ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः तिथे येऊन बोलून गेले होते. ऐंशी वर्षांनी त्याची अवस्था वाईट होती, काँक्रीटचे कट्टे फुटलेले, शाळेकडे डागडुजीला पैसे नाहीत.

क्लबने ठरवलं की हे आपण दुरुस्त करू. पैसे कुठून आणायचे? बँकेने चौथ्या दर्जाच्या क्लबला कशाला द्यावेत. २०१३ मध्ये मिशिगनने एक कायदा केला होता, की राज्यातल्या छोट्या धंद्यांना राज्यातल्याच साध्या रहिवाशांकडून गुंतवणूक घेता येईल. त्याचा आधार घेऊन क्लबने लोकांपुढे हात पसरला आणि ५२७ लोकांनी मिळून ७,४१,२५० डॉलर दिले. ही वर्गणी नव्हती बरं का, उसने पैसे होते, क्लबला उत्पन्न होईल तसतसे परत करायचे. देणाऱ्यांत तेच लोक होते जे शनिवारी स्टँडमध्ये उभे राहून घसा फोडायचे. त्या पैशात कट्टे, दिवे, लॉकर रूम, संडास सगळं दुरुस्त झालं. मे २०१६ मध्ये कीवर्थवर पहिली मॅच झाली, समोर ॲन आर्बरची टीम, आणि सात हजारांवर लोक आले. चौथ्या दर्जाच्या मॅचला, जिथे एकाही खेळाडूला पगार नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॅन गिल्बर्ट आणि टॉम गोर्स या दोन अब्जाधीशांनी डेट्रॉइटमध्ये एमएलएसची टीम आणायचा प्रस्ताव मांडला होता. आधी म्हणाले डाउनटाउनमधल्या अर्धवट बांधलेल्या तुरुंगाच्या जागी नवं स्टेडियम, मग म्हणाले लायन्सचं फोर्ड फील्ड स्टेडियमच चालेल. डेट्रॉइट सिटीचे पाठीराखे उघडपणे विरोधात होते, आमचा क्लब आहे, आम्हाला विकतची टीम नको म्हणून. शेवटी एमएलएसने डेट्रॉइट निवडलंच नाही. एका बाजूला १५ कोटी, दुसऱ्या बाजूला साडेसात लाखसुद्धा नाहीत, आणि आज मैदानावर कोण खेळतंय ते बघा. अनेक मित्र मला म्हणतात की एमएलएस आली असती तर मेस्सी इथे खेळायला आला असता. आला असता, मान्य आहे. पण मला तरीही वाटतं की जे झालं ते बरं झालं, कारण एकदा ती टीम आली असती तर सिटीला श्वास घ्यायला जागा उरली नसती.

पुढचं भराभर सांगतो. २०१८ मध्ये हॅम्बुर्गचा सेंट पाउली हा क्लब मैत्रीची मॅच खेळायला कीवर्थवर आला, दोन्ही पाठीराख्यांच्या बळावर उभे, त्यामुळे विचारांनी हे दोन्ही क्लब भाऊच. २०२० मध्ये सिटी प्रोफेशनल झाली, निसा नावाच्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये गेली, आणि लगेच कोविड. मॅच नाहीत, तिकिटं नाहीत, पगार मात्र चालू. अशा वेळी मालक लोक सहसा कुलूप लावतात. यांनी काय केलं, तर क्लबचा १० टक्के हिस्सा लोकांसाठी विकायला काढला आणि लोकांनी तो घेतला. यावेळी नुसते उसने पैसे नाहीत, खरोखरची मालकी. त्याच शरद ऋतूत निसाची फायनल रिकाम्या कीवर्थवर झाली, ओकलंड रूट्सला हरवून सिटी चँपियन झाली, आणि ज्यांनी ही टीम उभी केली त्यातला कुणीही तिथे नव्हता, सगळे घरात बसून स्क्रीनवर बघत होते.

२०२२ मध्ये सिटी यूएसएल चँपियनशिपमध्ये आली, म्हणजे देशातली दुसरी पायरी. त्याच एप्रिलमध्ये यूएस ओपन कपची, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या लीगमधल्या टीम जिथे एकमेकांशी खेळतात त्या स्पर्धेची मॅच होती, समोर कोलंबस क्रू, एमएलएसवाले, २०२० चे चँपियन. शिवाय ओहायोचे, म्हणजे शेजारच्या वैरी राज्यातले, मिशिगनकरांना वेगळं सांगायची गरज नाही. सिटीने २-१ हरवलं. स्टेडियम लोकांच्या पैशातून दुरुस्त केलेलं, टीममध्ये लोकांचा हिस्सा, आणि समोर १५ कोटींच्या जगातली टीम. मला त्या निकालाचा जेवढा आनंद झाला तेवढा फार थोड्या निकालांचा झालाय.

महिलांची टीमही आहे, २०२२ पासून ती यूएसएल डब्ल्यू लीगमध्ये खेळते. ज्यांच्या मुली ट्रॅव्हल सॉकर खेळतात त्यांनी त्यांना एकदा तरी घेऊन जा, आपल्याच राज्यातल्या कॉलेजच्या मुली समोर खेळताना दिसल्या की काय फरक पडतो ते टीव्हीवर बघून कळत नाही.

आता पुढे काय. २०२४ मध्ये क्लबने जाहीर केलं की कॉर्कटाउनच्या बाजूला, मिशिगन ॲव्हेन्यूवर २००६ पासून ओसाड पडलेलं जुनं साउथवेस्ट डेट्रॉइट हॉस्पिटल पाडून तिथे स्वतःचं स्टेडियम बांधायचं, साधारण १५,००० लोकांचं, २०२७ चं लक्ष्य ठेवून. फोर्डने दुरुस्त केलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन तिथून जवळच. क्लबसाठी हे पाऊल मोठं आहे आणि मला ते हवंही आहे, कारण दुसऱ्याच्या मैदानावर कायम राहता येत नाही. यूएसएलने २०२५ मध्ये असं ठरवलंय की पुढे आपल्या लीग्समध्ये वर जायची आणि खाली यायची पद्धत आणायची, ते खरंच झालं तर सिटीला जागा विकत न घेता, खेळून वर जाता येईल. पण हॅमट्रॅमिकचं काय होणार ही काळजी मला आहे. मॅचच्या दिवशी तिथल्या रस्त्यांवर जी वर्दळ असते, दुकानांत जो गल्ला जमतो, तो दुसरीकडे जाणार. शाळेकडे दुरुस्त झालेलं स्टेडियम राहील, पण ते वापरात राहायला हवं आणि त्यासाठी क्लबनेही हात आखडता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून कीवर्थवर मॅचेस चालू आहेत तोवर आपण मंडळातर्फे एकदा जाऊ. कार्यकारिणीशी बोलणं झालंय, शनिवारची घरची मॅच धरायची, आधी कॉनंटवर जेवायचं आणि मग चालत मैदानावर. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलावर नाव आणि किती जण येणार ते लिहून द्या, ग्रुपची तिकिटं एकदमच काढू.